अंथरूण पाहून

निवड करायला मिळाली की माणूस सुखी होतो, असे म्हणतात. असे म्हणणारा लग्नाच्या बस्त्याला कधी गेला नसावा. समोर शंभर साड्या उलगडून पडलेल्या असतात, दुकानदार एकशे एकावी काढत असतो, आणि सकाळी हसत आलेली मंडळी दुपारी एकमेकांशी धड बोलत नसतात. पर्याय वाढले म्हणून निवड सोपी होत नाही. आपल्या अटी आपल्याला नेमक्या ठाऊक झाल्या की मग ती सोपी होते. हा धडा मला तत्त्वज्ञानाच्या तासाला मिळाला नाही. तो मिळाला जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर लांबीच्या एका वस्तूकडून. तिचे नाव ग्राफिक्स कार्ड.

कला शाखेच्या मुलाने ग्राफिक्स कार्डावर लिहावे, हे वाचून आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांच्या भुवया वर जातील. त्यांनी त्या खाली आणाव्यात. या कार्डाचा संबंध संगणकाशी जेवढा आहे तेवढाच जात्यावरच्या ओव्यांशी आहे. तो कसा, ते सांगतो.

मराठी विभागाचा प्रकल्प म्हणून आम्ही चौघांनी माण तालुक्यातल्या तीन गावांत जाऊन म्हाताऱ्या बायांच्या ओव्या चित्रित करायचे ठरवले. हे काम काही आमच्या डोक्यातून निघालेले नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवून ठेवल्या आहेत. त्या डोंगरापुढे आमची टेकडी ती काय! पण आमच्या गावातली जाती आमचीच होती, आणि ती ओढणाऱ्या बाया आमच्याच आज्या, चुलत आज्या आणि शेजारणी होत्या. गावात पिठाची गिरणी येऊन दोन पिढ्या झाल्या. जाते माळवदाखालच्या अंधारात पडून असते, लग्नात हळद दळायला तेवढे बाहेर निघते. जाते थांबले की ओवीही थांबते. कारण ती ओवी हातातल्या खुंट्याच्या फेऱ्यावर बसलेली असते. नुसते ‘म्हण गं आजी’ म्हटले की आजीला आठवत नाही. हातात खुंटा दिला आणि वैरणीला मूठभर ज्वारी घातली, की तीच आजी दोन तास थांबत नाही.

अशा अकरा जणींचे चौदा तासांचे चित्रण आम्ही मोबाइलवर केले. त्यांतली एक माझी सख्खी आजी. वय चौऱ्याऐंशी. तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांच्या औषधाने राखायची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. कडेकडेने अंधार आत सरकत येतो आणि दिसणारे वर्तुळ लहान होत जाते. चित्रण झाल्यापासून तिने एकच धोशा लावला होता, “माझा शिनेमा कवा दावनार रं?” त्यातच पावसाळ्यात अकरांपैकी दोघी गेल्या. एक आजीची लहानपणापासूनची मैत्रीण होती. दोघींनी एकाच जात्यावर समोरासमोर बसून ओव्या म्हटल्या होत्या. आता काम लवकर उरकणे आम्हाला भाग होते.

आमचा संगणक मात्र घाईचा नव्हता. तो एका कार्यालयातून सेवानिवृत्त होऊन आमच्याकडे आलेला. जन्मसाल २०१४. अंगाने सडपातळ, आडवा ठेवला तर जाडजूड शब्दकोशासारखा दिसतो. पत्रे टंकायला आणि हिशेब मांडायला अजूनही तो ठणठणीत आहे. पण त्याच्यावर आमचे चित्रण लावले की आजीचा आवाज पुढे जाई आणि तोंड मागे उघडे राही. ओवी संपे, जाते चौथ्या फेऱ्यात अडकलेले असे. अशा यंत्रावर काय कापावे आणि काय जोडावे?

हे का होत होते, ते शोधायला बसलो तेव्हा आकडा पाहून माझेच डोळे विस्फारले. मोबाइलवरच्या चित्रणाच्या एका चौकटीत ३८४० गुणिले २१६० इतके ठिपके असतात. म्हणजे जवळजवळ ८३ लाख. अशा सेकंदाला ३० चौकटी. सेकंदाला सुमारे पंचवीस कोटी ठिपके! एवढा पसारा मोबाइलमध्ये मावावा म्हणून तो घट्ट घडी घालून ठेवतो. ही घडी घालण्याची जी पद्धत आमच्या मोबाइलने वापरली तिला एच.२६५ म्हणतात, आणि ती प्रमाण म्हणून २०१३ साली मान्य झाली. आमच्या संगणकाचा प्रोसेसरही त्याच सालच्या पिढीतला. साहजिकच ही नवी घडी मोडण्याची तयार यंत्रणा त्याच्या पोटात नव्हती. प्रत्येक चौकट तो बिचारा डोके चालवून, गणित करकरून उलगडत बसे.

पंगतीचे उदाहरण घ्या. आचारी कितीही हुशार असला तरी पाचशे पानांवर मीठ, लिंबू, चटणी वाढायला त्यालाच पिटाळले तर पंगत संध्याकाळपर्यंत उठणार नाही. तिथे वाढपी लागतात. त्यांना फार अक्कल नसली तरी चालते, पण ते पुष्कळ हवेत आणि सगळ्यांनी एकदम वाढायला हवे. प्रोसेसर हा आचारी, ग्राफिक्स कार्ड ही वाढप्यांची तुकडी. शिवाय त्या कार्डात घडी मोडणारा आणि घडी घालणारा असे दोन खास कारागीर वेगळे बसवलेले असतात. आम्हाला खरी गरज होती ती या दोघांची.

गरज कळली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आपल्याकडे फुकट मिळणारी आणि कधीच न संपणारी वस्तू एकच! आतेभाऊ म्हणाला, “घ्यायचंच तर दणदणीत घे. पुढे गेमला उपयोगी पडेल.” मामा म्हणाले, “जुन्या गाडीला नवं इंजिन कशाला? संगणकच नवा घ्या.” आमच्यातल्याच एका मैत्रिणीचे म्हणणे त्यातल्या त्यात शहाणपणाचे होते. मूळ चित्रणाच्या हलक्या, लहान प्रती करून घ्यायच्या, त्यांच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ चित्रण जोडून घ्यायचे. या प्रतींना प्रॉक्सी म्हणतात. युक्ती चांगलीच आहे आणि आम्ही ती वापरलीही. पण हलकी प्रत करण्यासाठीसुद्धा मूळ चौकट एकदा उलगडावीच लागते, आणि शेवटचा चित्रपट बाहेर काढताना पुन्हा एकदा. चौदा तासांच्या प्रती करायला आमच्या संगणकाला रात्रीमागून रात्री लागू लागल्या. त्यात वीज गेली की पहिल्यापासून आरंभ.

तेव्हा मी वही काढली आणि कार्डांची नावे न लिहिता आधी अटी लिहिल्या.

पहिली अट पैशांची. चौघांचे प्रत्येकी पंधराशे आणि ‘कमवा व शिका’ योजनेतून मी बाजूला ठेवलेले दोन हजार, असे एकूण आठ हजार. त्यापुढे एक रुपया नाही.

दुसरी अट उंचीची. नेहमीच्या कार्डाची पाटी सुमारे ११ सेंटिमीटर उंच असते. आमच्या सडपातळ पेटीत ती मावतच नाही. अशा पेट्यांसाठी बुटकी कार्डे मिळतात, त्यांची उंची सुमारे ६९ मिलिमीटर. कार्डाच्या टोकाला पेटीला घट्ट बसणारी जी लोखंडी पट्टी असते तीही १२ ऐवजी ८ सेंटिमीटरची लागते.

तिसरी अट जाडीची. पुष्कळ कार्डांवर पंखा आणि धातूच्या पात्यांचा एवढा डोलारा असतो की ते एका खाचेत बसून शेजारच्या खाचेचीही जागा खाते. आमच्या पेटीत त्या खाचेला लागूनच वीजपुरवठ्याचा डबा आहे. पाहुण्याने एकाच पाटावर बसायला हवे, मांडी पसरून चालणार नाही.

चौथी अट विजेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. आमचा वीजपुरवठा २४० वॅटचा. त्यातून प्रोसेसर ८४ वॅटपर्यंत घेणार. डिस्क, पंखे, मेमरी यांना तीस-पस्तीस धरा. शिवाय पुरवठ्याचे वय दहाच्या वर गेलेले. म्हाताऱ्या बैलावर पूर्ण गाडी लादू नये, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. मोठ्या कार्डांना वीजपुरवठ्यापासून वेगळी तार जोडावी लागते. आमच्या डब्याला ती तारच नाही. डबाही त्या पेटीपुरताच घडवलेला, त्यामुळे बाजारातला दुसरा त्यात बसत नाही. तेव्हा जे काही मिळणार ते खाचेतूनच. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळावेत असा नियम आहे. मी माझ्यापुरती मर्यादा ५० वॅटची ठरवली.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बुटके कार्ड म्हणजे कमी खाणारे कार्ड, असे नव्हे. आरटीएक्स ४०६० हे दणकट कार्ड बुटक्या आकारातही निघाले आहे, पण त्याची भूक ११५ वॅटची आहे आणि त्याला वेगळी तार लागते. आमच्या गावातही असा एक पैलवान आहे. उंची पाच फूट, आणि भाकरी बारा.

पाचवी अट कारागिरांची. कार्डात घडी मोडणारा आणि घालणारा दोघेही हवेत. सहावी अट पुढच्या दिवसांची. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत आमच्या जुन्या प्रोसेसरला जागा नाही. म्हणून आम्ही लिनक्स घातले होते. त्याच्यावर चालणारी आज्ञावली ज्या कार्डासाठी अजून नव्याने निघते आहे असेच कार्ड हवे.

अटी मांडल्या आणि जादू झाल्यासारखे झाले. बस्त्याच्या शंभर साड्यांतल्या नव्वद आपोआप घडी होऊन कपाटात गेल्या. उरल्या त्यांच्याकडे शांतपणे पाहता आले.

सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे होते जीटी १०३०. भूक अवघी ३० वॅटची. पण त्यात घडी घालणारा कारागीर नाही. शिवाय या नावाची दोन भावंडे बाजारात आहेत. २०१७ साली आले त्याच्यावर जीडीडीआर५ जातीची मेमरी, आणि २०१८ साली आले त्याच्यावर डीडीआर४. नाव तेच, पण दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. ही पिढीच आता मागे पडली आहे. एनव्हिडियाने २०२५ मध्ये या पिढीची कार्डे आपल्या नव्या आज्ञावलीतून वगळली. त्याच पिढीतले जीटीएक्स १०५० टीआय म्हणूनच बाद झाले, आणि एरवीही ७५ वॅट घेत असल्यामुळे ते माझ्या मर्यादेबाहेरच होते.

एएमडीचे आरएक्स ६४०० पाहून मी थोडा हरखलो. ५३ वॅट म्हणजे मर्यादेच्या किंचित वर, पण बुटके आणि एका खाचेत बसणारे मिळते. मात्र यातही घडी घालणारा कारागीर नाही. शिवाय या कार्डाला संगणकाशी जोडणाऱ्या वाटा चारच. नव्या संगणकात प्रत्येक वाट रुंद असते म्हणून निभावते. आमच्या जुन्या संगणकात वाटा अरुंद, म्हणजे मालगाडीला पाऊलवाट. इंटेलचे आर्क ए ३१० घडी घालण्यात आणि मोडण्यात या सर्वांहून निपुण. पण नव्या संगणकातली रिसायझेबल बार नावाची सोय नसली की त्याचा वेग पडतो, आणि आमच्या संगणकाने त्या सोयीचे नावही ऐकलेले नव्हते. आतेभावाच्या आग्रहाचे आरटीएक्स ३०५०, सहा जीबीचे, फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. ७० वॅट, वेगळी तार नको, बुटक्या आकारातही मिळते. पण आम्हाला दुकानात दिसली ती सगळी दोन खाचा अडवून बसणारी होती, आणि किंमत आमच्या आठ हजारांना ओळखसुद्धा दाखवत नव्हती.

मग उरली एक वेगळीच जात. आराखडे काढणाऱ्या इंजिनिअरांच्या, आर्किटेक्टांच्या संगणकांत बसवलेली कार्डे. खेळाडूंच्या जगात यांना कोणी विचारत नाही. ना रंगीत दिवे, ना वाघसिंहांची चित्रे. एनव्हिडियाने २०२१ साली काढलेली टी ४००, टी ६०० आणि टी १००० ही तीन भावंडे याच घराण्यातली. तिघेही बुटके, तिघेही एकाच पाटावर बसणारे. भूक अनुक्रमे ३०, ४० आणि ५० वॅट. दोन्ही कारागीर हजर. कंपन्या आपले संगणक बदलतात तेव्हा ही कार्डे जुन्या बाजारात येतात. टी १००० पैशांत बसेना. टी ६०० ला चार जीबी मेमरी आहे, आमच्या कामाला ती पुरेशी. वहीत मी त्याच्याभोवती वर्तुळ काढले.

डोंबिवलीला मामांकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला गेलो. नकाशावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आणि लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड! तारा, पंखे, पडदे, डबे यांनी दुकाने फुटपाथवर सांडलेली. पहिल्या दोन दुकानांत मला “गेमिंगला पाहिजे का?” असे विचारले. “ओव्यांना पाहिजे,” असे मी म्हटले तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. तिसऱ्या दुकानात एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी वही मागून घेतली, अटी एकेक वाचल्या, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, “असं लिहून आणणारं गिऱ्हाईक आलं की बरं वाटतं.”

टी ६०० त्यांच्याकडे होते. त्यांनी ते संगणकाला लावून, पडद्यावर नाव, मेमरी, सगळे दाखवून दिले. एक अडचण निघाली. कार्ड मोठ्या पेटीतून काढलेले, त्यामुळे पट्टी लांब होती. त्यांनी एक खण उपसला. स्क्रू, वॉशर, तुटके पंखे यांच्या खाली हात घालून छोटी पट्टी काढली आणि तिथेच पेचकसाने बसवून दिली. आमच्या पडद्याची तार या कार्डाच्या बारक्या छिद्रांत बसत नाही. त्यासाठी मिनी डिस्प्लेपोर्टचा जोड घ्यावा लागला. कार्ड आणि जोड मिळून सात हजार सहाशे झाले. उरलेल्या चारशेत माझे एस.टी.चे परतीचे भाडे भागायचे होते. सौदा झाला तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, “ओव्या झाल्या की एकदा ऐकवा. आमची आई म्हणायची.”

कार्ड बसवायला पाच मिनिटे लागली. पेटीचे झाकण विनातक्रार बंद झाले. मावणे म्हणजे काय सुख असते, ते त्या ‘टक्’ आवाजाने कळले.

माझ्या या चाळीस वॅटच्या पाहुण्याचा मला अभिमान वाटतो. जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आलेल्या आरटीएक्स ५०९० ची भूक ५७५ वॅटची आहे. म्हणजे त्याच्या एका घासात आमची चौदा कार्डे जेवतील. ते पूर्ण जोराने चालले तर पावणेदोन तासांत विजेचे एक युनिट संपवते. आमचे पंचवीस तास चालते. मोठ्याला मी नावे ठेवत नाही. त्याची कामे मोठी असतील. पण आमच्या पेटीत, आमच्या खिशात आणि आमच्या गावच्या विजेत जे बसेल त्यानेच आमचे काम होणार होते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण मला लहानपणी कंजूषपणाची वाटे. तिच्यात अंथरूण नीट पाहायलाही सांगितले आहे, हे आता ध्यानात येते. आपले अंथरूण किती लांब, किती रुंद, कुठे विरलेले, ते नीट पाहिले तर तेवढ्यातही सुखाने झोप लागते.

पुढचे काम तीन आठवड्यांत झाले. चौदा तासांतून बावन्न मिनिटे निवडली. ती निवड कार्डाच्या निवडीहून कितीतरी अवघड होती, कारण तिथे वहीत लिहिण्यासारख्या अटीच नव्हत्या.

दिवाळीच्या सुट्टीत संगणक गाडीवर बांधून गावी नेला. आजीला पडद्याच्या अगदी जवळ बसवले. तिला एका वेळी थोडेच दिसते, म्हणून ती मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेत पाहत होती. स्वतःला पाहून ती फक्त “लईच वाळली की मी,” एवढे म्हणाली. मग जात्याच्या पलीकडे बसलेली तिची मैत्रीण दिसली. तोंड उघडले की आवाज येत होता, हात फिरला की जाते फिरत होते. आजीची मान मध्येच स्थिर झाली.

“हिला जरा थांबिव,” ती म्हणाली.

मी कळ दाबली. चित्र तिथेच, तत्क्षणी थांबले.